उभे शब्द तिचे

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले सगळे देव एका पाटीत घालून कळव्याच्या खाडीत सोडून आले, आणि येताना त्याच पाटीतून मासळी घेऊन आले, असं आमची आत्या हसत हसत सांगायची. भूत, करणी, अंगात येणं... कोणी हा विषय काढला की माझे वडील चहाचा कप अर्धा ठेवून उठून जायचे. आमच्यात आत्माच मानत नाहीत, तर तो भटकणार कुठून? त्यातून माझं अख्खं आयुष्य पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेलं. कल्याणच्या एका लॅबमध्ये मी अजूनही टेक्निशियन आहे. स्लाइडवर दिसलं तर आहे, नाही दिसलं तर नाही — इतका माझा हिशोब सरळ.

हे मी तुम्हाला घाबरवायला लिहीत नाहीये. यात घाबरण्यासारखं काही नाही. मला राग येतो, आणि तो कोणावर काढायचा ते कळत नाही, म्हणून लिहितेय. नावं बदलली आहेत, बाकी सगळं जसंच्या तसं.

आम्ही ठाकुर्ली पूर्वेला राहतो, नव्वद फुटी रोडच्या आतल्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर. आमचे मिस्टर — इथे जाधव म्हणू — ठाण्याला माजिवड्याच्या पुढे एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होते. ड्राफ्ट्समन. मशीनच्या भागांची ड्रॉइंग काढायची. कारखाना आता नाही, त्या जागेवर टॉवर आहेत, आणि टॉवरच्या गेटवर वॉचमन जिथे बसतो तिथेच पूर्वी यांची खिडकी होती असं ते प्रत्येक वेळी बसमधून दाखवायचे.

यांना एकच नाद. एका मराठी पेपरच्या रविवारच्या पुरवणीत शेवटच्या पानावर गूढ शब्दकोडं येतं, ते सोडवायचं. आपण सोडवतो तसलं नव्हे हं. 'कमळाला दुसरा शब्द' असलं त्यात काही नसतं. त्यातला प्रत्येक क्लू म्हणजे वाकड्यात शिरणं. उदाहरण देते. क्लू असा — 'रानाला गंध सुटला, ही तर शिक्षाच. चार अक्षरं.' आता तुम्ही आणि मी मोगरा, केवडा करत बसणार. उत्तर काय, तर वनवास. रान म्हणजे वन, गंध म्हणजे वास, आणि वनवास ही शिक्षा. आमची प्राची शाळेत होती तेव्हा यांनी तिला जेवताना हे समजावलं होतं आणि ती म्हणाली होती, बाबा, एवढं डोकं लावायचं तर माणूस गणित तरी सोडवेल.

आणि आता शैलाबाई.

शैलाबाई यांच्याच ऑफिसात ट्रेसर होती. यांनी पेन्सिलीने ड्रॉइंग काढायचं, आणि ट्रेसरने ते पातळ कागदावर शाईने स्वच्छ उतरवायचं, असं ते काम असे. माझ्यापेक्षा चांगली आठ-दहा वर्षांनी मोठी होती, तिला 'त्या' म्हणायला हवं हे मला कळतं. पण माझ्याच्याने होत नाही, सोडून द्या. लग्न केलेलं नव्हतं. नौपाड्यात एकटी राहायची. बोलणं अगदी पुस्तकातलं, शब्द न् शब्द इस्त्री केलेला.

हे कोडं दोघं मिळून सोडवायचे. त्यांची एक पद्धत ठरलेली होती. आडवे शब्द यांचे, उभे शब्द तिचे. रविवारी घरी बसून हे आडवे भरायचे, पुरवणीचं पान घडी करून डब्याच्या पिशवीत टाकायचे, आणि सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ती उभे भरायची. एकाने दुसऱ्याच्या शब्दाला हात लावायचा नाही. यांना एखादा उभा शब्द समोर दिसत असला तरी भरायचे नाहीत. मी एकदा म्हटलं, येतोय तर लिहा की. म्हणाले, अगं, उभे माझे नाहीत.

अक्षरही दोघांचं वेगळं. दोघंही पेन्सिलनेच लिहायचे, पण हे चौकोनाच्या मधोमध अक्षर काढायचे आणि त्याला वर व्यवस्थित रेघ द्यायचे, ड्राफ्ट्समनची सवय. ती वेगळी रेघ द्यायचीच नाही. चौकोनाची जी छापलेली वरची रेघ आहे तिलाच अक्षर लटकवायची. त्यामुळे तिचे उभे शब्द दोरीवर वाळत घातल्यासारखे दिसायचे. सोमवारी संध्याकाळी ते पान घरी परत यायचं, तेव्हा त्यात तिची ती लोंबती अक्षरं बघितली की माझं डोकं उठायचं.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीवरून? मला मान्य आहे. त्यांच्यात 'तसलं' काही नव्हतं, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. हे सगळं मला सांगून करायचे. पुढे कारखाना बंद झाला तरी दर सोमवारी ठाण्याला जाऊन तलावपाळीच्या बाकावर तासभर बसून यायचे, तेसुद्धा सांगून. लपवाछपवी असती तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. नवरा दुसऱ्या बाईबरोबर शब्दकोडं सोडवतो, अशी तक्रार घेऊन मी कोणाकडे जाणार होते?

मला सलायचं ते यांचं हसणं. जाधवांचं हसणं म्हणजे आवाज नाही, नुसते खांदे हलायचे. सोमवारी घरी आले की ते पान उघडून एखाद्या उभ्या शब्दावर बोट ठेवायचे आणि खांदे हलायचे. मी विचारलं काय झालं, तर म्हणायचे, काही नाही, छान पकडलाय तिने. इतक्या वर्षांच्या संसारात मी यांना हसवलं नाही असं नाही, पण असं एकट्याने, आठवून आठवून हसावं असं माझं काही यांना आठवायचं नाही.

एकदा यांचा पाय मोडला होता तेव्हा सोमवारी तीच घरी आली. गॅलरीत बसले दोघं. मी पोहे घेऊन गेले तर त्यांचं बोलणं चालू होतं, आणि त्यात एकही वाक्य पूर्ण नव्हतं. हे म्हणायचे, "म्हणजे उलटं..." ती म्हणायची, "नाही, शेवटचं काढून..." आणि मग दोघंही "हां!" मी दोन बश्या हातात घेऊन उभी. आपल्याच गॅलरीत आपण पाहुणे झालोय असं मला वाटलं, आणि ते मी कधीच विसरले नाही. तिच्या ते लक्षात आलं असावं. बशी घेताना मला म्हणाली, "सुनंदाताई, तुम्ही का नाही सोडवत?"

मी तोंड उघडायच्या आत यांनीच उत्तर दिलं. "तिचं डोकं सरळ आहे हो. तिला नाही जमायचं."

यांनी ते कौतुकाने म्हटलं होतं, यांच्या मते सरळ डोकं म्हणजे मोठा गुण. पण लागायचं ते लागलंच. ती मात्र हसली नाही. माझ्याकडे बघून पोहे खात राहिली.

शैलाबाई गेली ती दोन-अडीच वर्षांपूर्वी, थंडीत. आजारी होती बरेच महिने. शेवटी शेवटी हे हॉस्पिटलात पान घेऊन जायचे. ती गेल्याचा फोन आला तेव्हा यांच्याबरोबर मीही ठाण्याला गेले. हे रडले नाहीत, घरी येऊन झोपून राहिले. आणि मी — खरं सांगते — मनात म्हटलं, चला, आता सोमवार सुटले.

कसले सुटतायत. पुढच्या रविवारी हे नेहमीसारखे बसले, आडवे शब्द भरले, पान घडी करून फ्रीजवर ठेवलं. उभे रिकामे. मी म्हटलं, आता पूर्ण करा की, कोण येणारे? म्हणाले, अगं, उभे माझे नाहीत. नंतर दर आठवड्याला तेच. आमच्या रद्दीवाल्याकडे त्या काळात आडवे भरलेले, उभे रिकामे असे पेपर जात होते. जिवंत असताना तिने सोमवार घेतला होता, गेल्यावर रविवारपण तिचाच झाला. हे घरात असून नसल्यासारखे. खांदे हलणं तर बंदच.

उन्हाळ्यातला एक सोमवार. मला सुट्टी होती, हे दुपारचे आडवे झाले होते. मी रद्दी काढत होते, फ्रीजवरचं पान हातात आलं. सहज उघडलं. उभे शब्द भरलेले होते.

सगळे. पेन्सिलने. आणि प्रत्येक अक्षर चौकोनाच्या वरच्या रेघेला लटकलेलं.

तुम्हाला वाटेल मी किंचाळले. अजिबात नाही. मला जे पहिलं वाटलं ते सांगते — मला वाटलं, यांनीच भरलंय. तिच्यासारखं अक्षर काढून. ड्राफ्ट्समनच्या हाताला ते काय अवघड? म्हणजे माणूस गेलं तरी हे तिची अक्षरं गिरवत बसलेत, आणि मी इथे यांच्या बीपीच्या गोळ्या मोजतेय. माझा असा संताप झाला की मी यांना झोपेतून उठवलं आणि पान समोर धरलं. विचारलं, हे तुम्ही लिहिलंत?

यांनी चष्मा लावला. एकेक उभा शब्द बोटाने वरून खाली वाचत गेले. मधेच एका शब्दावर थांबले, आणि यांचे खांदे हलले.

"मी कशाला लिहू?" म्हणाले. "उभे तिचे असतात."

बस. ना भीती, ना आश्चर्य. बाकावर शेजारी बसलेल्या माणसाने पान परत द्यावं तसं यांनी ते घेतलं. मी प्राचीला कळव्याला फोन केला. ती म्हणाली, आई, बाबांनीच लिहिलंय गं, त्यांना एकटं वाटतं, त्यांना बोलू नको तू काही. मलाही ते पटलं. लॅबमध्ये आम्ही एकच सँपल परत लावून बघतो, रिझल्ट विचित्र आला की. मी ठरवलं, परत लावून बघू.

पुढच्या रविवारी यांनी आडवे भरून पान फ्रीजवर ठेवलं. सोमवारी सकाळी निघताना मी ते गुपचूप पर्समध्ये टाकलं. कल्याणला पोचल्यावर लॅबच्या टेबलावर पसरून मोबाइलने फोटो काढला. उभे चौकोन कोरे. परत घडी करून पर्समध्ये, पर्स माझ्या खणात, खणाला किल्ली, किल्ली माझ्या एप्रनच्या खिशात. सकाळभर गर्दी होती, सीबीसी, शुगर, नुसती रांग. जेवायच्या सुट्टीत खण उघडला, डबा काढला, पान उघडलं.

भरलेले.

बाहेर टळटळीत ऊन, पलीकडे सेंट्रिफ्यूज घरघरतंय, रिसेप्शनवरची मुलगी फोनवर कोणाला तरी 'उपाशीपोटी या' सांगतेय, आणि माझ्या हातात ते पान. मी घाबरले, खोटं नाही बोलत. भिंगाखाली धरून बघितलं. पेन्सिलच. घडीवर ग्रॅफाइट थोडं फिसकटलेलंसुद्धा होतं. दुसरा फोटो काढला. दोन्ही फोटो आजही माझ्याकडे आहेत. प्राचीला दाखवले तर ती माझ्याकडेच बघायला लागली. म्हणाली, आई, तू पण ना... मग मी कोणाला दाखवायचे बंद केले.

पण त्या दुपारी भीती फार वेळ टिकली नाही. डबा खाता खाता माझ्या डोक्यात एकच घोळत होतं — ही बाई माझ्या पर्समध्ये आली. माझ्या डब्याशेजारी बसून, जेवणाच्या सुट्टीत, माझ्या नवऱ्याचं कोडं सोडवून गेली. ठाण्यात होती तोपर्यंत ठीक होतं, आता कल्याणपर्यंत हात पोचले हिचे. पान फाडून डस्टबिनमध्ये टाकावं असं वाटलं. पिवळ्या पिशवीत, जिथे आम्ही वापरलेला कापूस टाकतो तिथे.

टाकलं नाही. संध्याकाळी नेऊन यांना दिलं. हे पान घेऊन गॅलरीत बसले आणि मी किचनमधून बघत राहिले. पाठमोरे होते. खांदे हलत होते.

त्या दिवशी मी ठरवलं की उभे शब्द मी घेणार. ती बसते ती जागा माझी आहे, आणि ती मी मिळवणार.

मग मी शिकायला लागले. कसं म्हणून विचारू नका. रद्दीतली जुनी पानं काढून, क्लू एका बाजूला आणि तिचं उत्तर दुसऱ्या बाजूला ठेवून, हे असं का झालं ते शोधत बसायचे. लॅबच्या सुट्टीत, भाजी शिजेपर्यंत, यांच्या ईसीजीचा नंबर येईपर्यंत. शत्रूच्याच वह्या वापरून अभ्यास करणं म्हणतात ते हे. आणि एका रविवारी, हे आडवे भरून दुपारी झोपले असताना, मला पहिला उभा क्लू सुटला. 'आता बसवत नाही, आत दुसरी बायको आहे. तीन अक्षरं.' मी तो चार-पाच वेळा वाचला. बसवत... त्या 'बसवत'च्या पोटातच ती बसली होती की. सवत.

हसू नका. मी मुद्दाम निळ्या बॉलपेनने, ठसठशीत लिहिलं. स-व-त. खोडता येणार नाही असं. त्याच जोरात आणखी एक भरला — 'शहराचं मुंडकं उडवलं तर फणसात सापडेल, दोन अक्षरं.' मी लिहिलं, गरे.

सोमवारी पान पर्समध्ये नेलं. दुपारी उघडलं तर बाकीचे उभे पेन्सिलने भरलेले. माझे दोन निळे तसेच होते, त्यांना हात लावला नव्हता. फक्त 'गरे'मधल्या 'रे'च्या चौकोनात, वरच्या कोपऱ्यात, छापलेल्या रेघेला लटकलेला इवलासा 'र'. नगर. न उडवला, राहिला गर. बरोबर तिचंच होतं. मला असा राग आला म्हणता... अहो, फणसाचे गरेच म्हणतो ना आपण? मेल्यावरसुद्धा हिची मास्तरकी संपली नव्हती.

संध्याकाळी यांनी पान उघडलं आणि निळ्या शाईवर बोट ठेवलं. विचारलं, हे कोणाचं? मी म्हटलं, माझं. यांनी क्लू परत वाचला. मग म्हणाले, "सवत बरोबर आहे."

त्यानंतर जे सुरू झालं ते सांगायला मला अजूनही लाज वाटते. पुढच्या सोमवारी उभे शब्द भरलेले होते, पण सगळे नाही. तीन-चार रिकामे. मला वाटलं, हरली. घरी येऊन बसले तर ते रिकामे क्लू भराभर सुटत गेले, आणि अर्ध्यात माझ्या लक्षात आलं — सोपे होते. तिने सोपे सोपे माझ्यासाठी ठेवले होते. लहान मुलाला पत्त्यात जिंकू देतात तसं. मी पेन फेकलं. यांना वाटलं झुरळ दिसलं.

पण पेन उचललं पण. दर सोमवारी रिकामे चौकोन वाढत गेले, आणि क्लू अवघड होत गेले. मला एक जमायला लागला की पुढच्या वेळी तिच्याकडून एक कमी. चुकलं तर कोपऱ्यात लटकलेलं बारीक अक्षर. बरोबर आलं तर काहीच नाही, शाबासकी वगैरे नाही. मीही तिला कधी थँक्यू म्हटलं नाही. कशाला म्हणू? माझीच जागा ती मला हप्त्याहप्त्याने परत देत होती.

यांच्याशी मात्र आता बोलणं व्हायचं. सोमवारी संध्याकाळी गॅलरीत दोन खुर्च्या. हे म्हणायचे, "हा कसा आला, शेवटून?" मी म्हणायचे, "नाही, आधी ते अर्धं..." एकदा समोरच्या बिल्डिंगमधल्या बाई आमच्याकडे बघत उभ्या दिसल्या, आणि मला कळलं की आमचंही एकही वाक्य पूर्ण होत नाहीये. मला त्या बाईंची कीव आली, आणि खूप बरंही वाटलं.

गेल्या वर्षी यांचं हृदयाचं दुखणं वाढलं. डोंबिवलीला ॲडमिट केलं. त्या रविवारी मी पुरवणी घेऊन गेले. हात थरथरायचा, तरी आडवे यांनी स्वतःच भरले, मला भरू दिले नाहीत. काही अक्षरं रेघेबाहेर गेली. मी पान पर्समध्ये ठेवलं. सोमवारी लॅबला गेले नाही, तिथेच बसून होते. दुपारी यांचं जेवण आलं तेव्हा मी पान काढलं.

उभे सगळे रिकामे. एकही अक्षर नाही. सोपं नाही, अवघड नाही, काहीच नाही.

यांनी मान वळवून बघितलं. "ती नाही आली?" म्हणाले.

मी म्हटलं, नाही आली. आणि खोटं का बोलू, माझ्या आवाजात आनंद होता. नवरा ऑक्सिजनवर, आणि मला आनंद होतोय... पण होता. मी खुर्ची बेडजवळ ओढली आणि पहिल्या उभ्यापासून सुरुवात केली. मोठ्याने क्लू वाचायचा, विचार करायचा, लिहायचं. हे डोळे मिटून ऐकत होते. नर्स येऊन गेली, दुपारचा चहा येऊन गेला. शेवटचा एक अडला. 'वनात गेलेल्याचं शस्त्र, हमखास लागू पडतं. चार अक्षरं.' यांना येत होतं, मला चेहऱ्यावरून कळलं. पण सांगितलं नाही, कारण उभे यांचे नव्हते. मला वन म्हटल्यावर वनवास आठवला, वनवासावरून पुढचं सगळं आलं, आणि मी लिहिलं — रामबाण.

पान यांच्यासमोर धरलं. सगळे चौकोन भरलेले, आडवे पेन्सिलचे, उभे माझ्या निळ्या पेनाचे. यांनी बोट टेकवलं, वरून खाली गेले, परत वर आले. आणि त्या नळ्या लावलेल्या अवस्थेत यांचे खांदे हलले. माझ्या शब्दावर.

"सुनंदा," म्हणाले, "तुझं डोकं आता चांगलं वाकडं झालं."

याच्याहून मोठं कौतुक या माणसाने माझं कधी केलं नाही. त्याच आठवड्यात हे गेले.

जलदान विधी झाला, भंतेजी येऊन गेले, प्राची काही दिवस राहून गेली. मग रविवार आला. मी पुरवणी उघडली. उभे शब्द भरले, सगळे, निळ्या पेनने. आडव्यांना हात लावला नाही. पान फ्रीजवर ठेवलं, वर यांची पेन्सिल ठेवली. सोमवारी पर्समध्ये घालून कल्याणला नेलं, खणात ठेवलं, किल्ली लावली. जेवायच्या सुट्टीत उघडलं.

कोरे.

म्हटलं, नवीन आहेत, जमायला वेळ लागेल. तिलाही लगेच कुठे जमलं होतं, थंडीत गेलेली, उन्हाळ्यात आली. मी वाट बघितली. उन्हाळा गेला. पाऊस गेला. मी सोपे क्लू असलेल्या रविवारी जास्त आशा ठेवायची, हासुद्धा मूर्खपणा करून झाला. आडवे कोरेच. कोपऱ्यात एखादं लटकतं अक्षर तरी दिसेल म्हणून भिंगाखाली धरते. तेही नाही. तीही येत नाही आता.

आता स्पष्टीकरणाचं म्हणाल तर माझ्याकडे नाही. खणाला किल्ली होती, फोटो आहेत, ग्रॅफाइट मी स्वतः भिंगातून बघितलंय. ती कशी यायची ते मला माहीत नाही, आणि खरं सांगू, त्याचं मला आता फारसं काही वाटत नाही. मला कळत नाही ते वेगळंच आहे. ती कोण, कुठली, ऑफिसातली एक बाई — ती नौपाड्यातून कल्याणपर्यंत येऊ शकली, यांच्यासाठी. मग यांना ठाकुर्लीला, स्वतःच्या घरी, स्वतःच्या फ्रीजपर्यंत यायला काय होतं? आमच्यात आत्मा मानत नाहीत, हे यांनी जरा जास्तच मनावर घेतलंय. की तिकडे बाक सापडलाय कुठला तरी, तलावाकाठचा, आणि सोमवार परत तिचे झालेत? हा विचार आला की मला रात्रीचं जेवण जात नाही. मेलेल्या माणसांचा मत्सर करणारी बाई तुम्ही बघितली नसेल, तर बघून घ्या.

प्राची परवा आली होती. फ्रीजवरच्या पानांचा गठ्ठा तिने खाली काढून चाळला. मग एक पान घेऊन माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, आई, अर्धं कशाला सोडतेस, तुला तर सगळे येतात ना?

येतात. एकूण एक येतात. त्या पानावरचा पहिला आडवा तर मला तिथे उभ्या उभ्या दिसत होता.

मी पान घडी करून परत फ्रीजवर ठेवलं. म्हटलं, अगं, आडवे माझे नाहीत.